आंधी रेघ

डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर लाईन गेली तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ पक्की आठवते, कारण नंतर कित्येक दिवस मी त्या वेळेच्या अलीकडे-पलीकडेच घुटमळत होतो. फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत मेटाडोर, ट्रॅक्टर आणि बैलबंड्यांची रांग लागली होती. हवेत सरकीचा तेलकट वास, नाकातोंडात कापसाची बारीक लव. दिवसभर चाललेली जिनची घरघर एकदम थांबली की कान बंद झाल्यासारखे वाटतात, आणि मग हळूहळू बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकू यायला लागतो. काटाघरातल्या इन्व्हर्टरनं दोनेक मिनिटं तग धरला, मग कॉम्प्युटरही गेला. कोणी ओरडलं नाही. आमच्याकडे लाईन जाणं ही काही बातमी नाही. कोणी बिडी काढली, कोणी तंबाखू मळली, आणि लोक बंडीच्या जुवावर टेकून बसले.

पाऊण तासानं लाईन आली. कॉम्प्युटर सुरू झाला, माझा प्रोग्राम सुरू झाला, आणि पडद्यावर टोकनांची यादी आली ती पाच बत्तीसपर्यंतची. पुढचं काही नव्हतं. अठ्ठेचाळीस मिनिटांत काट्यावरून गेलेल्या पस्तीसेक गाड्या मशीनच्या लेखी आल्याच नव्हत्या. ज्यांची भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही वजनं होऊन पक्की चिठ्ठी हातात पडली होती, ते सुटले. ज्यांचा माल अजून गाडीतच होता, त्यांना पुन्हा काट्यावर घेतलं. पण सात गाड्या मधल्या होत्या. भरलेलं वजन झालं होतं, कापूस गंजीवर पडला होता, आणि रिकाम्या वजनासाठी गाडी परत यायची होती. गंजीवर पडलेला कापूस कुणाचा कुठला हे देवालाही सांगता येत नाही.

सातांपैकी पाच जणांना आकडा तोंडपाठ होता. एका पोरानं मोबाईलवर डिस्प्लेचा फोटोच काढून ठेवला होता. राहिली एक मावशी. साठीच्या आसपासची, डोक्यावर पदर, पायात प्लास्टिकच्या चपला, बंडी स्वतः हाकत आलेली. मॅनेजर भाऊंनी विचारलं, मावशी, तुमचं किती भरलं होतं? ती माझ्याकडे नाही, टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे पाहत म्हणाली, “मले काय माहीत, बाप्पा? तुमच्या मशीनले माहीत असन ना.”

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

तो प्रोग्राम मी लिहिला होता. पुण्यात आठ वर्षं नोकरी करून मी गावी परतलो होतो. घरून काम करत होतो, आणि हिंगणघाटच्या बाजूच्या या जिनिंगचं काम ओळखीतून आलं होतं. काम साधं होतं. टोकन नंबर सांगितला की वजन मिळालं पाहिजे. यालाच आम्ही की-व्हॅल्यू म्हणतो: एक खूण आणि तिच्यापुढं एक किंमत, बाकी पसारा नाही. त्यासाठी मी नोंदी ठेवणारं रेडिस नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. विचार करून घेतलं असं म्हणवत नाही. पुण्यात रोज तेच वापरत होतो, हात त्याच्यावर बसलेला होता. ते सगळा माल रॅममध्ये ठेवतं, म्हणजे लाईन असेपर्यंतच टिकणाऱ्या वेगवान मेमरीत, म्हणून वाऱ्यासारखं चालतं. त्याआधी भरलेल्या वजनाची कच्ची चिठ्ठी मापारी काका हातानं लिहून द्यायचे, ती मी बंद करवली. टोकन आहे ना, मग कागद कशाला, असं मीच मॅनेजर भाऊंना पटवलं होतं.

रेडिस विसरभोळं आहे असं नाही. ते अधूनमधून रॅममधल्या सगळ्याचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या घडीची नक्कल, लाईन गेली तरी टिकणाऱ्या डिस्कवर लिहून ठेवतं. किती वेळानं, हे सेटिंगमध्ये असतं, आणि मी सेटिंगला हात लावला नव्हता. त्या रात्री घरी येऊन पहिल्यांदा ते तीन आकडे नीट वाचले. एका मिनिटात दहा हजार बदल झाले तर मिनिटानं लिही. पाच मिनिटांत शंभर बदल झाले तर पाच मिनिटांनी लिही. आणि एखादाच बदल झाला असेल तर तासानं. मोठ्या वेबसाइटसाठी हे शहाणपणाचं आहे. आमच्या काट्यावर तासाला पंचेचाळीस गाड्या, गाडीमागे दोन नोंदी, म्हणजे तासाला नव्वद बदल आणि पाच मिनिटांत सात-आठ. शंभराचा उंबरठा आमच्याकडून कधी ओलांडलाच जाणार नव्हता. म्हणजे अख्ख्या हंगामात आमचा काटा तासातून एकदाच डिस्कवर येत होता, आणि मला ते ठाऊक नव्हतं. जिथं नोंदी भराभर होतात तिथं रेडिस लवकर लिहितं. जिथं काम बैलाच्या चालीनं चालतं तिथं सगळ्यात जास्त वेळ थांबतं.

मला जास्त छळलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मी चाचणी घेतली होती. काटा सुरू करण्याआधी दहादा सर्व्हर बंद केला, दहादा सुरू केला, आणि प्रत्येक वेळी सगळी टोकनं जागच्या जागी होती. पण रीतसर ‘बंद हो’ म्हटलं की रेडिस जाताना सगळं लिहून ठेवून जातं. घरातलं माणूस गावाला जाताना किल्ल्या कुठं आहेत हे सांगून जातं, तसं. मी दहाही वेळा त्याला सांगून पाठवलं होतं. प्लग एकदाही उपटून पाहिला नव्हता. ज्या मुलखात मी वाढलो, जिथं लाईन कधी सांगून जात नाही, तिथला मी माणूस, आणि मला हे सुचलं नाही. आठ वर्षांत मी लाईन जाणं विसरलो होतो.

रेडिसला बोल लावावा असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. साल्वातोरे सानफिलिप्पो या सिसिलीच्या माणसानं २००९ साली ते केलं. वेबसाइटवर आत्ता कोण आलं, कोणतं पान पाहतंय, हे चालू वेळेत दाखवण्याचा त्याचा उद्योग होता, आणि नेहमीच्या डेटाबेसला तो वेग झेपत नव्हता. म्हणून त्यानं याद्या रॅममध्ये ठेवल्या. त्याच्याही आधी, २००३ मध्ये, ब्रॅड फिट्झपॅट्रिकनं लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या वेबसाइटसाठी मेमकॅश्ड लिहिलं होतं. ते तर मुळात डिस्कवर काहीच लिहीत नाही, आणि लिहितो असं कधी म्हणतही नाही. मूळ माल मागे कुठंतरी डेटाबेसात आहे, मी फक्त हाताशी ठेवतो, एवढाच त्याचा दावा. दोन्ही आपल्या जागी चोख आहेत. वेबसाइटवरची एक भेट मोजायची राहिली तर कुणाच्या घरची चूल थांबत नाही. मी ते उचललं आणि कापसाच्या गंजीशेजारी आणून ठेवलं.

रॅम आणि डिस्कमधलं अंतर आकड्यांत सांगितलं तर कळत नाही. रॅममधून एक गोष्ट काढायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून, म्हणजे न फिरणाऱ्या नव्या डिस्कवरून, शंभरेक मायक्रोसेकंद, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून दहा मिलिसेकंदांच्या घरात. मी स्वतःसाठी याचं गावच्या हिशोबात रूपांतर केलं. रॅमला एक सेकंद धरला, म्हणजे चुलीशी बसून हात वर केला आणि फळीवरचा मिठाचा डबा काढला, तर एसएसडी म्हणजे सोळा-सतरा मिनिटं; उठून किराणा दुकानात जाऊन मीठ घेऊन येणं. आणि हार्ड डिस्क म्हणजे अठ्ठावीस तास. यवतमाळला एसटीनं जायचं, बहिणीकडं मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मीठ घेऊन परतायचं. असं पाहिलं की माणसं रॅमच्या मागं का लागतात ते समजतं. भाजी चुलीवर असताना यवतमाळला कोण जाईल?

आमच्या घरी मागच्या खोलीत तुराट्यांची कणगी होती. शेणामातीनं लिंपलेली, माझ्या लहानपणी माझ्याहून उंच. तिच्यात वर्षाची ज्वारी असायची. कणगी उघडणं हे अर्ध्या दिवसाचं काम होतं; वरचं लिंपण फोडायचं, आत उतरायचं, टोपल्यानं काढायचं, पुन्हा लिंपायचं. आत उतरल्यावर जो उबदार, घशात बसणारा वास यायचा तो मला अजून येतो. आजी आठ-पंधरा दिवसांची ज्वारी एकदम काढून ओसरीतल्या पिंपात टाकायची आणि रोजची दोन-चार शेर सुपात. रोज लागेल ते हाताशी, पंधरवड्यात लागेल ते पिंपात, वर्षाचं कणगीत. १९८७ साली जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी हाच हिशोब कॉम्प्युटरसाठी मांडला, त्याला पाच मिनिटांचा नियम म्हणतात: जी गोष्ट दर पाच मिनिटांच्या आत लागते तिला रॅममध्ये जागा द्या, त्याहून उशिरा लागते ती डिस्कवर परवडते. तेव्हाच्या रॅमच्या आणि डिस्कच्या किमतींवरून त्यांनी ती पाच मिनिटं काढली होती. पुढं किमती बदलल्या तसा हिशोब पुन्हा पुन्हा मांडला गेला. पण ही विचाराची रीत मला आवडते, कारण ती ‘वेगवान कोणतं’ इथून सुरू होत नाही. ‘किती वेळा लागतं आणि ठेवायला काय पडतं’ इथून सुरू होते.

तरीही माझं दुखणं पाच मिनिटांच्या नियमात बसत नव्हतं. कणगीतली ज्वारी पिंपात आली तर कणगीत तेवढी कमी होते. तिची दोन रूपं नसतात. माझ्या टोकनाचं तसं नव्हतं. ते फक्त पिंपातच होतं. कणगीत ते कधी गेलंच नव्हतं, आणि मी मात्र मावशीला सांगून मोकळा झालो होतो की तुझी ज्वारी कणगीत आहे.

या सगळ्याचा विचार करता करता मला भिंत आठवली.

आमच्या ओसरीची आतली भिंत. दिवाळीला पोतारली जायची, पांढरीशुभ्र. मग वेचणी सुरू झाली की संध्याकाळी बाया कापसाची गठुडी घेऊन अंगणात यायच्या. ओसरीच्या आढ्याला काटा टांगलेला असायचा. बाबा वजन सांगायचे आणि आजी कोळशानं भिंतीवर रेघा ओढायची. दहा किलोला लांब रेघ, किलोला आखूड. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक बाईची तिनं खूण केली होती. कुणाची बांगडी, कुणाचा विळा, कुणाची पणती. खूण आणि तिच्यापुढं रेघा. पुण्यात पहिल्यांदा की-व्हॅल्यू हा शब्द ऐकला तेव्हा ही भिंत मला का आठवली नाही, याचं आता नवल वाटतं. रेघ कधी पुसली जायची नाही. चुकली तरी नाही. चुकीच्या रेघेवर ती एक तिरपी काट मारायची आणि पुढं नवी ओढायची. बाजाराच्या दिवशी चुकारा झाला की त्या आठवड्याच्या रेघांखाली एक आडवी रेघ. म्हणजे इथवरचं मिटलं. पुढं नवा आठवडा. फेब्रुवारीपर्यंत भिंत अशी भरून जायची की पाहुणे विचारायचे, हे काय चित्र काढलंय?

आणि तिचा एक हट्ट होता. काट्यावरून गठुडं काढायला बाईनं हात घातला की आजी तिचा हात धरायची. “आंधी रेघ वढू दे, मंग गठुडं उचल.” अंधार पडत आलेला असायचा, बायांना घरी चुली पेटवायच्या असायच्या, डोक्यावरून ओझं उतरलेलं असलं तरी पाय दुखत असायचे. त्या म्हणायच्या, आजी, तुमच्यावर इस्वास हाय. आजी ऐकायची नाही. गठुडं गंजीत पडलं की ते गंजीचं झालं, असं ती म्हणायची. रेघ ओढून झाली की ती भिंतीकडं एकदा पाहायची, मग बाईकडं, आणि म्हणायची, “झालं.” त्याच्यानंतरच गठुडं सुटायचं.

डेटाबेसवाल्यांमध्ये हा जुना दंडक आहे. त्याला राइट-अहेड लॉग म्हणतात: मालाला हात लावायच्या आधी, काय करणार आहोत ते वहीच्या शेवटी लिहा, ते लिहिणं पक्कं झालं की मगच पुढचं. रेडिसमध्येही वही आहे, अपेंड-ओन्ली फाइल नावाची, पण तीत आदेश पाळून झाल्यावर लिहिलं जातं, आणि ती मुळात बंद असते. सांगून चालू करावी लागते. चालू केली तरी साधारण सेकंदातून एकदा ती डिस्कवर पक्की होते. दर नोंदीला पक्की कर, असंही सांगता येतं, पण मग ज्या वेगासाठी रॅम घेतली तो बराचसा गेला.

पुढचे आठ-दहा दिवस मी रात्री जागून हेच वाचत होतो. आईला वाटायचं की पुण्याच्या कंपनीचं काम आहे. मला वाटलं होतं की रॅम म्हणजे धोका आणि डिस्क म्हणजे भरवसा, एवढं ठरलं की संपलं. तसं नव्हतं. गूगलच्या जेफ डीन आणि संजय घेमावत यांचं लेव्हलडीबी हे की-व्हॅल्यू सॉफ्टवेअर २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याच्यावरून फेसबुकनं रॉक्सडीबी केलं. दोन्ही डिस्कवाली म्हणून ओळखली जातात. नवी नोंद ती रॅममध्ये क्रमानं लावून ठेवतात आणि सोबत डिस्कवरच्या वहीत लिहितात. रॅममधला गठ्ठा भरला की तो लावलेला तसाच फाइल म्हणून डिस्कवर टाकतात, आणि सावकाश जुन्या फाइली एकमेकींत मिसळतात. रचना देखणी आहे, भरमसाट लिहिणाऱ्यांसाठी तर फारच. पण त्यांच्या त्या वहीचंही नेहमीचं सेटिंग असं की नोंद कॉम्प्युटर चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती दिली की ‘झालं’ म्हणायचं. प्रोग्राम कोसळला तर नोंद वाचते. लाईन गेली तर वाचेलच असं नाही. ऑपरेटिंग सिस्टीम ती अक्षरं स्वतःच्या मेमरीत धरून बसते. लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तीसेक सेकंदसुद्धा. ‘आत्ताच्या आत्ता डिस्कवर घाल’ असं तिला सांगायला वेगळी हाक मारावी लागते, एफसिंक नावाची. आणि काही डिस्क तर स्वतःच्या पोटातल्या मेमरीत घेऊनच हो म्हणतात.

२०१८ मध्ये पोस्टग्रेस या इतक्या जुन्या, इतक्या जपून लिहिलेल्या डेटाबेसच्या लोकांच्या लक्षात आलं की एफसिंक एकदा फसला आणि पुन्हा हाक मारली, तर लिनक्स दुसऱ्या वेळी बिनघोर ‘झालं’ म्हणू शकतं, आणि मधली अक्षरं गेलेलीच असतात. वर्षानुवर्षं त्यांनी ते ‘झालं’ खरं मानलं होतं. मग त्यांनी ठरवलं की एफसिंक फसला तर पुन्हा विचारायचंच नाही. थांबायचं, आणि वहीवरून सगळं पुन्हा उभं करायचं. हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप मिटून बराच वेळ अंगणात बसलो होतो. थंडी होती. ‘झालं’ हा शब्द किती जणांच्या हातांतून येतो, आणि वाटेत प्रत्येक जण तो थोडा थोडा लवकर म्हणत येतो, असं काहीसं डोक्यात फिरत होतं. प्रोग्राम रेडिसवर विसंबून म्हणतो, रेडिस सिस्टीमवर, सिस्टीम डिस्कवर. शेवटी मावशी मशीनवर.

आणि वेगाचं म्हणाल तर ज्या वेगासाठी मी हे केलं, त्याची गरजच नव्हती. मिनिटाला सात हजार दोनशे फेरे घेणारी साधी हार्ड डिस्कसुद्धा एक फेरा सव्वाआठ मिलिसेकंदांत पुरा करते. नोंद पक्की व्हायला असे दोन-चार फेरे लागले तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत काम झालं. बंडी काट्याच्या प्लेटवर चढली की बैल पाय बदलतात, आकडा हलत राहतो, तो स्थिर व्हायलाच पाच-सात सेकंद जातात. त्या पाच-सात सेकंदांत यवतमाळची एसटी शेकडो वेळा जाऊन आली असती.

शेवटी टोकनांसाठी मी एलएमडीबी हे डिस्कवर लिहिणारं की-व्हॅल्यू सॉफ्टवेअर घेतलं. हॉवर्ड चूनं ओपनएलडॅप या डिरेक्टरी सॉफ्टवेअरसाठी केलेलं, लहानसं. ते जुनं पान खोडत नाही. बदल नव्या पानावर लिहितं आणि शेवटी मुळाशी असलेली खूण नव्या पानाकडं वळवतं. मध्येच लाईन गेली तर खूण जुन्या पानाकडंच राहते, म्हणजे अर्धवट काही उरत नाही. मुद्दाम बंद केलं नाही तर प्रत्येक नोंद एफसिंक करूनच ते हो म्हणतं. एका वेळी एकालाच लिहू देतं, याला पुण्यात मी नाक मुरडलं असतं. आमच्या काट्यावर लिहिणारा एकच होता. फाइल जास्तीत जास्त केवढी होईल ते आधी सांगून ठेवावं लागतं, तेवढं सांगितलं. रेडिस काढून टाकलं नाही. फाटकावर ‘आता टोकन नंबर अमुक’ असा बोर्ड लागतो आणि रांगेत किती गाड्या आहेत ते दिसतं, ते अजून त्याच्यावरच चालतं. लाईन गेली तर रांग पुन्हा मोजता येते. रांग डोळ्यांसमोर उभीच असते. मग सगळं बसवल्यावर मी सलग तीन दिवस प्लग उपटत होतो. वजन चालू असताना, चिठ्ठी छापताना, काहीच चालू नसताना. काट्यावरचा पोऱ्या म्हणाला, दादा, मशीन जाईन ना! मी म्हटलं, जाऊ दे.

मावशीचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. खरं तर ते मला सांगावंसंही वाटत नाही आणि न सांगता राहवतही नाही. त्या रात्री मापारी काका तिच्याजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, “माय, वेचाई कितीची देल्ली व?” आणि तिनं एका दमात सांगितलं. पहिल्या बाजाराला इतके, दुसऱ्याला इतके, तिसऱ्याला पाऊस आला म्हणून इतकेच. एकही आकडा अडखळला नाही. किलोमागे वेचणीच्या मजुरीचा भाव ठाऊक होता. काकांनी जमिनीवर काडीनं मांडून मांडून, चुकाऱ्यावरून उलटं जात, चार क्विंटल साठ किलो काढले. वही वाचून माल पुन्हा उभा करणं, ज्यावर मी नंतर दहा रात्री वाचत बसणार होतो, ते त्यांनी बिडी संपायच्या आत केलं. मला ते सुचलं नव्हतं. मी कॉम्प्युटरच्या फाइली उघडत होतो.

पण बंडीत त्याहून जास्त कापूस होता, हे सगळ्यांना दिसलं होतं. बाकीचा कुणी वेचला? ती म्हणाली, मी अन् माही सून. घरच्या दोघींनी वेचलेल्याला चुकारा नसतो. म्हणून त्याचा आकडाही कुठं नव्हता. ना भिंतीवर, ना तोंडात. काकांनी किती दिवस, किती तास असं विचारलं; ती म्हणाली, सयपाक झाल्यावर जात होतो, दिवस मावळेपर्यंत. मॅनेजर भाऊंनी शेवटी सहा क्विंटलवर सही केली. माणूस भला आहे, हात आखडता घेतला नाही असंच मला वाटतं. मावशीनं मान हलवली, पैसे मोजून कमरेच्या पिशवीत ठेवले, आणि बंडी जुंपली. सहा बरोबर होते की साडेसहा होते, हे आता कुणालाच कळणार नाही. मी तिला दोनदा म्हटलं, मावशी, माझी चूक झाली. ती बैलांच्या कासऱ्याशी झटत होती. ऐकलं असेल. उत्तर दिलं नाही.

कधीकधी वाटतं, तिनं आकडा पाहून ठेवला असता तर. मग स्वतःचीच लाज वाटते. आकडा तिनं का पाहून ठेवावा? डिस्प्लेवरचे लाल आकडे तिला वाचता येत होते की नाही, हेही मी विचारलं नव्हतं. वाचता येत नसणाऱ्या माणसासाठी काटा कसा असावा, हे माझ्या आजीनं भिंतीवर मांडून ठेवलं होतं, आणि त्या भिंतीखाली बसून मी अभ्यास केला होता. आता ती भिंत नाही. दोन हजारच्या दशकात आम्ही ओसरी पाडून तिथं सिमेंटची खोली बांधली. त्याच खोलीत बसून मी आज प्रोग्राम लिहितो.

या हंगामात काट्यावर दोन गोष्टी नव्या आहेत. भरलेल्या वजनाची कच्ची चिठ्ठी परत सुरू झाली. आणि काटाघराच्या खिडकीवर एक हिरवा दिवा बसवला. नोंद डिस्कवर पक्की झाली की तो लागतो, तोवर प्लेटवरून गाडी हलवायची नाही. पहिले काही दिवस ट्रॅक्टरवाले वैतागले. दिवा इतक्या पटकन लागतो की त्यांना तो कशासाठी हेच कळेना. पोऱ्या त्यांना सांगायचा, दादानं लावला आहे, थांबा.

परवा मावशी आली. या वेळी सून सोबत होती, बंडीच्या मागच्या बाजूला कापसावर बसलेली. मी खिडकीत होतो. तिनं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. बंडी प्लेटवर चढली, बैलांनी पाय बदलले, आकडा हलला, थांबला. पोऱ्यानं टोकन टाकलं. मावशीनं कासरा तसाच ओढून धरला होता आणि ती खिडकीकडं बघत होती, आकड्याकडं नाही, दिव्याकडं. कुणीतरी तिला आधीच सांगितलं असावं.

दिवा लागला.

“झालं का?” तिनं विचारलं.

पोऱ्या उत्तर देणार होता. मी पडद्यावर एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हटलं, “झालं, मावशी. आता घ्या पुढं.”

तिनं चिठ्ठी न वाचता चौपट घडी केली, पदराच्या टोकात बांधली, आणि बैलांना हाक दिली.